खाऱ्या पाण्याचे मोठे मत्स्यालय : कारागिरांसाठी काम आणि कायद्याची मर्यादा

पैठण रस्त्यावरचे चितेगाव हे शेतीचे गाव खरे, पण अनेक वर्षांपासून त्याची ओळख कारखान्यांचे गाव अशीच आहे. व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना इथलाच. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. मात्र या पट्ट्यात फॅब्रिकेटर, वायरमन, काचवाले, फ्रिज-एसीचे मेकॅनिक यांची वाण नाही. एका बाजूला छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहर, दुसऱ्या बाजूला बिडकीनची नवी औद्योगिक वसाहत. हाताला हुन्नर आहे, गिऱ्हाईकही फार लांब नाही. अशा ठिकाणी घरगुती समुद्री मत्स्यालयाचा विषय काढला तर पहिला प्रश्न असा येईल की समुद्र कुठे आहे? मुंबईचा किनारा इथून रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे.

प्रश्न रास्त आहे, पण अडचण तिथे नाही. समुद्राचे पाणी घरी तयार करता येते. मोठ्या शहरांत बंगल्यांच्या दिवाणखान्यात, हॉटेलांत, दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहात सहा-सहा फुटी खाऱ्या पाण्याची मत्स्यालये बसू लागली आहेत आणि त्यांचे काम मुख्यत्वे सुतार, काचवाला, प्लंबर आणि वायरमन यांचेच आहे. माशांचे ज्ञान शिकता येते. मात्र हे काम हाती घेण्याआधी दोन गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतात. एक म्हणजे वजन आणि पाण्याचा हिशेब. दुसरी म्हणजे जिवंत प्रवाळ, म्हणजे समुद्रातले पोवळ्याचे दगड, विकणे आपल्या देशात गुन्हा आहे. पहिली गोष्ट चुकली तर गिऱ्हाइकाच्या घरात पाणी होते, दुसरी चुकली तर कारागीर तुरुंगात जातो. दोन्हींची सविस्तर माहिती पुढे देत आहोत.

वजनाचा हिशेब आधी

उदाहरणासाठी एक माप धरू. लांबी सहा फूट, रुंदी अडीच फूट, उंची दोन फूट. म्हणजे ३० घन फूट. एका घन फुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते, तेव्हा ही पेटी साडेआठशे लिटरची झाली. खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा थोडे जड असते, त्यामुळे पाण्याचेच वजन सुमारे ८७० किलो. १२ मिलीमीटर जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला ३० किलो असते. या पेटीला साधारण साडेचार चौरस मीटर काच लागते, म्हणजे आणखी १४० किलो. दगड आणि वाळू दीडशे किलो, स्टँड आणि कपाट शंभर किलो, खालच्या टाकीचे दीडशे. बेरीज चौदाशे किलोच्या आसपास जाते, आणि हे सगळे वजन पंधरा चौरस फूट जागेवर, म्हणजे सुमारे १.४ चौरस मीटरवर उभे राहते.

भारतीय मानकानुसार राहत्या घराच्या खोल्यांचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण २०० किलो चल भार धरून काढलेला असतो. इथे त्याच्या पाचपट भार एका जागी येतो. याचा अर्थ वरच्या मजल्यावर असे मत्स्यालय बसवूच नये असा नाही. भिंतीलगत, तुळईच्या आधारावर, लांबी तुळईला आडवी येईल अशा रीतीने ते बसवता येते. पण निर्णय सुताराने किंवा मालकाने अंदाजाने घेऊ नये. इमारतीच्या इंजिनियरकडून लेखी घ्यावे. जमिनीवरच्या मजल्यावर ठेवले तर ही चिंता बरीच मिटते. आमच्या मते पहिली दोन-तीन कामे कारागिराने तळमजल्यावरचीच घ्यावीत.

काचेवरचा दाब हाही असाच न दिसणारा भाग. दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो. दोन फूट उंचीच्या या पेटीत समोरच्या लांब काचेवर साडेतीनशे किलोच्या आसपास जोर येतो. उंची दुप्पट केली तर त्याच लांबीच्या काचेवर जोर चौपट होतो. गिऱ्हाईक नेहमी उंच पेटी मागते, कारण ती भिंतीवर शोभते. त्याला समजावून रुंदी वाढवावी आणि उंची दोन फुटांवरच ठेवावी. माशांनाही पोहायला रुंदीच हवी असते, आणि साफ करणाऱ्याचा हात तळापर्यंत पोचतो, हा फायदा वेगळाच.

काच १२ मिलीमीटरची घ्यावी, कडा पॉलिश केलेल्या असाव्यात, वरच्या बाजूला चारी कडांनी आतून काचेच्याच पट्ट्या जोडाव्यात. जोडाला बाथरूमचे सिलिकॉन वापरू नये. त्यात बुरशी मारणारे औषध असते आणि तेच औषध मासे मारते. मत्स्यालयासाठी म्हणून मिळणारे, व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन घ्यावे आणि ते वाळायला आठवडा द्यावा. टफन केलेल्या काचेला नंतर भोक पाडता येत नाही, हे काचवाल्यांना सांगायची गरज नाही. तेव्हा नळांची भोके कुठे येणार हे प्लंबरला विचारूनच काच कापावी. पेटी जागेवर नेल्यावर साधे पाणी भरून निदान चार दिवस ठेवावी. कोपऱ्यात कोरडा कागद लावून रोज पाहावा.

स्टँड ५० मिलीमीटरच्या चौकोनी लोखंडी पाइपचा चांगला. लेव्हल बाटली ठेवून चारी कोपरे एका सपाटीत आणावेत, वर पाणी सोसणारा १९ मिलीमीटरचा प्लाय आणि त्यावर थर्मोकोलची शीट. लोखंडाला पावडर कोटिंग करून घ्यावे, कारण खाऱ्या पाण्याचे बारीक शिंतोडे उडून मीठ सगळीकडे चढते. साधे बिजागर वर्षभरात गंजून हातात येते. स्टेनलेसचे घ्यावे.

वीज गेल्यावर पाणी कुठे जाते

मोठ्या मत्स्यालयाच्या खाली कपाटात एक दुसरी टाकी असते, तिला संप म्हणतात. वरच्या पेटीच्या कोपऱ्यात दातेरी कडेची काचेची कुंडी असते. पाणी त्या दात्यांवरून कुंडीत पडते, नळाने खाली संपमध्ये येते, तिथे गाळले जाते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. हीटर, चिलर, फेस काढणारे यंत्र हे सारे संपमध्ये दडते. वर फक्त स्वच्छ पाणी आणि मासे दिसतात.

आता वीज गेली. पंप थांबला. दात्यांपर्यंतचे वरचे पाणी खाली येणारच, पण तेवढ्यावर भागत नाही. पंपाचा जो नळ वर पाण्यात बुडालेला आहे, त्यातून पाणी उलटे खाली ओढले जाते. आपल्या शहरातली पाणचक्की ज्यांनी पाहिली आहे, त्यांना बंद नळातल्या पाण्याचा हा स्वभाव ठाऊक आहे. नळात हवा शिरत नाही तोवर पाणी स्वतःच्या वजनाने चालत राहते. जुन्या नहरींच्या कारागिरांनी याच स्वभावाचा उपयोग करून डोंगराचे पाणी शहरात आणले. मत्स्यालयात तोच स्वभाव घरात पूर आणतो.

आकडे मांडून पाहू. आपल्या पेटीचा पृष्ठभाग पंधरा चौरस फूट आहे. म्हणजे पाण्याची पातळी एक इंच उतरली की ३५ लिटर पाणी खाली येते. परतीच्या नळाचे तोंड दोन इंच बुडालेले असेल तर ७० लिटर येईल. संप तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे असे धरू. त्यात ७० लिटर पाणी आले की पातळी साडेसहा इंचांहून थोडी जास्त वर जाते, नळांतले पाणी धरून साडेसात. चालू असताना संपमध्ये नऊ इंच पाणी ठेवले असेल तर ते साडेसोळा इंचांवर थांबेल आणि दीड इंच जागा शिल्लक राहील. काम बरोबर झाले. पण प्लंबरने सुबक दिसावे म्हणून तोच नळ सहा इंच खाली नेला, तर दोनशे दहा लिटर पाणी खाली येईल, आणि संप सगळा मिळून एकशे नव्वद लिटरचा! त्यात निम्मे पाणी आधीच आहे. उरलेले दिवाणखान्याच्या गालिच्यावर जाणार.

यावर उपाय साधा आहे. परतीच्या नळाचे तोंड पाण्याच्या पातळीच्या अगदी जवळ ठेवावे आणि पातळीच्या किंचित खाली नळाला एक बारीक भोक पाडावे. पाणी तिथवर उतरले की भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. केवळ एकदिशा झडपेवर भरवसा ठेवू नये. एखादी गोगलगाय किंवा वाळूचा कण अडकला की झडप उघडी राहते. काम गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्यापूर्वी त्याच्यासमोर मेन स्विच बंद करून दाखवावा. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. ही परीक्षा पहिल्या महिन्यातच होणार आहे, तेव्हा ती आपणच आधी घेतलेली बरी.

पितळ आणि तांबे या पाण्यात कुठेही येता कामा नये. पितळी कॉक, जीआयची निपल, तांब्याची गुंडाळी, काहीही नाही. तांब्याचा अंशही कोळंबी, शंख अशा जीवांना मारतो. सगळे नळ यूपीव्हीसीचे असावेत. चिलरची खाऱ्या पाण्यात राहणारी गुंडाळी टायटॅनियमची असते. ती महाग पडते म्हणून तांब्याची बसवून देणारे भेटतील. त्यांच्यापासून दूर राहावे. वायरमनने ३० मिलिअँपिअरचा गळती-तोडक, ज्याला बाजारात आरसीसीबी म्हणतात, तो लावल्याशिवाय एकही प्लग जोडू नये. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे आणि मालकाचा हात रोज त्या पाण्यात जाणार आहे. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारा थेंब प्लगात न जाता खाली पडेल.

समुद्र तयार करणे

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाले. २०१५ मध्ये ते नव्या रूपात उघडले होते, पुढे इमारतीच्या अवस्थेमुळे बंद झाले. समुद्र त्याच्या दारात होता. आपल्याला समुद्र पोत्यातून आणावा लागतो. मत्स्यालयासाठी तयार समुद्री मीठ मिळते, ते दर लिटरला ३५ ग्रॅम घालायचे. दगडांनी अडवलेली जागा वजा करून आणि संपचे पाणी मिळवून आपल्याकडे सुमारे साडेआठशे लिटर पाणी होते, म्हणजे पहिल्या भरणीला ३० किलो मीठ. स्वयंपाकाचे मीठ किंवा खडेमीठ चालत नाही. त्यात जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइड असते, समुद्रात मात्र मॅग्नेशियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट असे बरेच काही असते. खारटपणा जिभेने ओळखू नये. रिफ्रॅक्टोमीटर नावाचे साधे यंत्र घ्यावे. पाण्याची सापेक्ष घनता १.०२५ आली पाहिजे.

पण मीठ कोणत्या पाण्यात घालायचे? आपल्या भागातली बोअरची पाणी जड आहेत आणि शेतातल्या खतांचे नायट्रेट त्यांत उतरते. जायकवाडीचे पाणी फारोळ्याला शुद्ध होऊन शहराला जाते, पण त्यात क्लोरीन असते. दोन्ही जशीच्या तशी चालत नाहीत. आरओ करून पुढे डीआय रेझिनच्या नळकांड्यातून काढलेले, टीडीएस शून्य दाखवणारे पाणी घ्यावे. घरगुती आरओ तासाला दहा-बारा लिटर देतो, म्हणजे पहिल्या भरणीला सत्तर ते पंच्याऐंशी तास लागतात. एक लिटर चांगल्या पाण्यामागे सुमारे तीन लिटर पाणी वाया जाते. साडेआठशे लिटरला अडीच हजार लिटर! मराठवाड्यात ही रक्कम पैशांपेक्षा मोठी आहे. ते पाणी ड्रममध्ये धरून फरशी, गाडी, संडास यांसाठी वापरण्याची सोय नळ टाकतानाच करून द्यावी.

एक गोष्ट गिऱ्हाइकाला पुन्हा पुन्हा सांगावी लागते. पाणी आटते, मीठ आटत नाही. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात या मापाच्या पेटीतून रोज दहा ते पंधरा लिटर पाणी उडून जाते. त्या जागी साधे आरओ-डीआयचे पाणीच घालायचे, खारे नव्हे. आठवडाभर कोणी लक्ष दिले नाही तर पाणी हजारी ३५ वरून ३८-३९ वर जाते. तरंगत्या कळीवर चालणारा छोटा पंप बसवला की हे काम आपोआप होते.

उष्णता हा आपल्याकडचा खरा शत्रू आहे. पाणी २५ ते २७ अंशांवर राहायला हवे आणि मे महिन्यात बाहेर चाळिशी ओलांडलेली असते. अर्ध्या अश्वशक्तीचा चिलर लागतो. तो पाण्यातली उष्णता काढून खोलीत सोडतो, म्हणून त्याला कपाटात कोंडू नये. मागे जाळी आणि हवा खेळती हवी. कित्येक चिलर केवळ कपाटाच्या चुकीमुळे जळतात. हिवाळ्यात उलट तीनशे वॉटचा हीटर लागतो. विजेचे म्हणाल तर पंप आणि फेसयंत्र मिळून दिवसाला तीन युनिट, साधे दिवे पाऊण युनिट, उन्हाळ्यात चिलर पाच युनिटच्या आसपास. म्हणजे मे महिन्यात अडीचशे युनिटच्या पुढे, थंडीत बरेच कमी. हा आकडा काम घेण्याआधी मालकाला सांगावा. नंतर बिल पाहून तो चिलर बंद करतो आणि मासे गेले की दोष कारागिराला देतो.

फेसयंत्र म्हणजे काय हेही थोडक्यात पाहू. खाऱ्या पाण्यात हवेचे अगदी बारीक बुडबुडे बनतात आणि पाण्यातली चिकट घाण त्यांना चिकटून वर येते. समुद्राच्या लाटेवर फेस दिसतो तोच हा प्रकार. वरच्या वाटीत काळसर दुर्गंधी पाणी जमते, ते आठवड्यातून दोनदा ओतून द्यायचे. गोड्या पाण्यात हे यंत्र काम करत नाही.

दीड महिन्याचा सबुरीचा काळ

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो मासे मारतो. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते बऱ्याच प्रमाणात सोसवते. हे जिवाणू नव्या पेटीत नसतात. दगडांच्या आणि वाळूच्या छिद्रांत ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात माशांऐवजी थोडा अमोनियम क्लोराइड किंवा चिमूटभर माशांचे खाद्य घालत राहायचे आणि तपासणी संचाने पाहत राहायचे. घातलेला अमोनिया चोवीस तासांत संपला आणि नायट्राइटही शून्य आले की पेटी तयार झाली.

गिऱ्हाईक बंगल्याच्या उद्घाटनाची किंवा लग्नाची तारीख सांगते आणि त्या दिवशी मासे पाहिजेत म्हणते. दहा दिवसांवर तारीख असेल तर अशा कामाला नकार द्यावा. पैसे घेऊन मासे टाकले तर ते पाहुण्यांसमोर मरतात आणि गावभर बदनामी होते.

जिवंत प्रवाळ का नको

या छंदाची परदेशी छायाचित्रे पाहिली तर त्यांत निळे, जांभळे, हिरवे जिवंत प्रवाळ दिसतात. गिऱ्हाईक तेच मागते. अंगठीतल्या पोवळ्याचे, ज्याला आपण मर्जान म्हणतो, त्याचे हे दूरचे नातलग. दगडासारखे दिसले तरी ते प्राणी आहेत. लाखो सूक्ष्म जीव एकत्र राहून चुन्याचे घर बांधतात. त्यांची वाढ फार संथ असते, म्हणून एक वीतभर दगड तोडला की अनेक वर्षांची वाढ जाते.

२००१ साली वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे घालण्यात आले. वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच अनुसूचीत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या अनुसूचीतल्या प्राण्यांच्या गुन्ह्याला किमान ३ वर्षे आणि कमाल ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. बाळगणे, विकणे, वाहून नेणे, सगळे त्यात येते. मेलेले, वाळलेले, शोभेसाठी ठेवलेले प्रवाळही सुटत नाही. ‘लाइव्ह रॉक’ या नावाने विकला जाणारा समुद्रातला दगड म्हणजे बहुतेक वेळा प्रवाळाचा सांगाडाच असतो, तोही त्याच जाळ्यात येतो. परदेशातून आणलेला आहे म्हणून चालेल असे सांगणारे विक्रेते भेटतात. सर्व कठीण प्रवाळ आंतरराष्ट्रीय सीआयटीईएस कराराच्या यादीत आहेत आणि दुरुस्तीनंतर त्या यादीतल्या प्राण्यांनाही आपला कायदा लागू झाला आहे. कागदाशिवाय ते बाळगता येत नाहीत. मऊ जातींबद्दल शंका असेल तर विक्रेत्याचा शब्द न मानता वन विभागाच्या कार्यालयाकडून लेखी घ्यावे.

कायदा किती कडक आहे याचे उदाहरण मुंबईतच घडले. किनारा रस्त्याच्या कामात हाजीअली आणि वरळीच्या किनाऱ्यावर प्रवाळाच्या वसाहती आढळल्या. एवढा मोठा सरकारी प्रकल्प, पण त्यालाही त्या उचलून टाकता आल्या नाहीत. वन्यजीव खात्याची परवानगी घेऊन, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांकडून २०२० मध्ये १८ वसाहती दुसरीकडे हलवाव्या लागल्या. महानगरपालिकेला जी सवलत नाही ती एखाद्या दुकानदाराला कशी मिळेल? कोणाला खरे प्रवाळ पाहायचेच असेल तर मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे जाऊन पाण्याखाली पाहावे.

या बंदीने धंदा बुडतो असे नाही, उलट काही बाबतींत सोपा होतो. जिवंत प्रवाळाला प्रखर, महाग दिवे लागतात आणि पाण्यातल्या कॅल्शियमची रोज तपासणी करावी लागते. प्रवाळ नसले की साधे एलईडी पुरतात. दगडांच्या जागी भाजलेल्या मातीचे किंवा सिरॅमिकचे सच्छिद्र दगड वापरावेत. आपला काळा पाषाण जड आणि जवळजवळ बिनछिद्राचा असतो, त्यात जिवाणूंना घर मिळत नाही. मातीकाम करणाऱ्या कारागिरांनी इकडे लक्ष द्यावे असे आम्हांला वाटते. भोकाभोकांचे, कमानींचे, गुहांचे दगड भट्टीत भाजून देणे हे कुंभारकामच आहे, फक्त त्यावर रंग किंवा झिलई नको. सिमेंटचे दगडही करतात, पण ते कित्येक आठवडे पाण्यात मुरवावे लागतात, नाहीतर पाण्याचा क्षार वाढतो. त्यावर सिलिकॉनची नकली प्रवाळे बसवली की नजरेला रंग मिळतो.

मासे आणि देखभाल

मासे शक्यतो हॅचरीत जन्मलेले घ्यावेत. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असणारा क्लाऊनफिश आता आपल्या देशात पैदास होतो. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने त्याचे तंत्र बसवले आहे आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही अशा शोभेच्या समुद्री माशांच्या पैदाशीचे काम झाले आहे. तो समुद्रफुलाशिवायही सुखाने राहतो. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ल्याच्या बाजारात समुद्री मासे मिळतात, पण तिथून आणलेला मासा थेट मोठ्या पेटीत कधीही सोडू नये. शंभर लिटरच्या वेगळ्या टाकीत चार आठवडे ठेवावा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग याच काळात दिसतो, आणि त्यावरचे तांब्याचे औषध त्या छोट्या टाकीतच देता येते. साडेआठशे लिटरला दहा-बारा लहान मासे पुरे. एका वेळी दोनच सोडावेत आणि पंधरा दिवस थांबून पुढचे.

देखभालीत दर पंधरवड्याला एक दशांश पाणी बदलायचे. म्हणजे ८५ लिटर पाणी आणि तीन किलो मीठ. आदल्या दिवशी ड्रममध्ये मीठ घालून पंपाने ढवळत ठेवावे, ताजे कालवलेले पाणी ओतू नये. काच पुसणे, फेसयंत्राची वाटी धुणे, पंप व्हिनेगरच्या पाण्यात उकळत नव्हे तर नुसता भिजत ठेवून त्यावरचा चुना काढणे, तपासणीचे आकडे वहीत लिहिणे, एवढे दोन तासांचे काम आहे.

आणि कमाई इथेच आहे. पेटी एकदाच विकली जाते. देखभाल वर्षानुवर्षे चालते. दहा मत्स्यालयांचा वार्षिक करार असेल तर महिन्याला वीस खेपा होतात, एका माणसाचा संसार त्यावर चालू शकतो. तेव्हा कोटेशनमध्ये पेटी, यंत्रे, पहिली भरणी आणि देखभाल यांच्या रकमा वेगवेगळ्या लिहाव्यात. मीठ आणि रेझिन करारात धरले आहे की वेगळे, हे स्पष्ट करावे. मासे मेल्यास जबाबदारी कोणाची तेही आधीच लिहावे. वीज सहा तासांवर गेली किंवा मालकाने सांगितलेल्यापेक्षा जास्त खाद्य टाकले तर ती कारागिराची नाही. करारात एक कलम असेही असावे की आम्ही कायद्याने बंदी असलेले कोणतेही प्रवाळ पुरवणार नाही आणि मालकाने ते आणल्यास देखभाल बंद होईल. असे लिहून देणाऱ्याकडे गिऱ्हाईक कमी येईल अशी भीती वाटते, पण दवाखाना आणि हॉटेल चालवणारे लोक असाच कागद मागतात.

भांडवल कमी असेल तर एकट्याने सगळे घेऊ नये. काचवाला, फॅब्रिकेटर आणि चिलर समजणारा मेकॅनिक अशा तिघांनी मिळून काम घ्यावे, आणि पहिली चार फुटी पेटी विकण्यासाठी नव्हे, तर आपल्याच दुकानात ठेवण्यासाठी बांधावी. तिच्यावर पुरता एक उन्हाळा काढावा. दुकानात एक जादा पंप आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप कायम ठेवावा, कारण गिऱ्हाइकाचा फोन येतो तो बहुधा रात्रीचा आणि बाजार बंद झाल्यावरच.